सिग्नलने माणसे मोजावीत

इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावात वाहतुकीच्या सिग्नलचा विषय काढला, तर तो पुण्याचा प्रश्न म्हणून सोडून दिला जाईल. ऊस, पाणी आणि दुधाचा दर हे तिथले जिव्हाळ्याचे विषय. चौकातला लाल दिवा नव्हे. पण याच गावातून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या माणसाचा दिवस अनेकदा त्या लाल दिव्यांपाशीच बिघडतो. आधी बारामती किंवा इंदापूर गाठायचे, तिथून एसटी धरायची. गाडी सोलापूर महामार्गाने येवो की सासवडवरून दिवे घाट उतरून, बहुतेक वेळा ती हडपसरच्या गाडीतळापाशी शहरात शिरते. तिथून स्वारगेट जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. आधीचे शंभराच्या आसपास किलोमीटर बऱ्यापैकी वेगाने कापलेली गाडी या शेवटच्या टप्प्यात वैदूवाडी, रामटेकडी, फातिमानगर, भैरोबा नाला, पुलगेट असा एकेक चौक मोजत सरकते. वेळापत्रकाला धरून आलेली गाडी इथे उशिराची होते, आणि तो उशीर किती असेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही.

या गाडीत कोण बसलेले असते, हे पाहिले म्हणजे प्रश्न आरोग्याचा का आहे ते कळते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. म्हणजे ज्यांना औषधोपचारासाठी शहर गाठण्याची सर्वाधिक गरज पडते, तेच एसटीचे मोठे प्रवासी आहेत. सवलतीने भाड्याचा भार हलका केला. वेळेचा केला नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपरची खिडकी ठरावीक वेळेपर्यंतच उघडी असते. रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी निघालेला मधुमेही फातिमानगरच्या रांगेत अडकला, तर त्याची साखर त्याच्यासाठी थांबत नाही. वेळ चुकली की पुढची तारीख मिळते. पुढची तारीख म्हणजे रुग्णाची आणि सोबत आलेल्याची आणखी एक रोजी बुडणे. मग 'बघू पुढच्या महिन्यात' असे म्हणत तपासणी लांबते, आणि रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग यांसारख्या आजारांत असे लांबणेच महागात पडते.

प्रवासातला उशीर शरीरावर थेटही परिणाम करतो. लांबच्या बसप्रवासात स्वच्छतागृह कधी मिळेल याचा भरवसा नसल्यामुळे अनेक महिला निघण्याआधीपासून पाणी पिणे टाळतात. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची गोळी प्रवासाच्या दिवशी घ्यायची नाही, असे अनेक ज्येष्ठ परस्पर ठरवून टाकतात. गाडी ठरल्या वेळी पोहोचेल याची खात्री असती, तर यातले बरेच टळले असते. म्हणूनच शहरातील सिग्नल कोणत्या हिशेबाने चालतो, हा प्रश्न वाहतूक शाखेपुरता मर्यादित राहत नाही.

वाहतूक नियंत्रणाचा पहिला दिवा १८६८ मध्ये लंडनला ब्रिटिश संसदेबाहेर उभा राहिला. तो गॅसवर जळणारा होता आणि काही आठवड्यांतच स्फोट होऊन निकामी झाला. त्यानंतर विजेचे दिवे आले, घड्याळावर चालणारे आले, संगणकावर चालणारे आले. पण दिवा किती वेळ हिरवा ठेवायचा, याचा शास्त्रशुद्ध हिशेब प्रचलित झाला तो ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांच्या १९५८ च्या कामानंतर. चौकात येणाऱ्या वाहनांचा एकूण खोळंबा कमीत कमी व्हावा, हे त्या हिशेबाचे उद्दिष्ट. ते चुकीचे नव्हते. पण त्यात मोजायचे एकक वाहन होते. दुचाकी, मोटार, बस, मालमोटार यांची तुलना करता यावी म्हणून अभियंते सगळ्यांचे रूपांतर 'मोटारींत' करतात. त्या कोष्टकात एक बस ढोबळमानाने तीन मोटारींइतकी धरली जाते. ही तीनची संख्या बस रस्त्यावर किती जागा अडवते आणि किती सावकाश हलते यावरून आली आहे. आत माणसे किती आहेत, याचा तिच्याशी संबंध नाही. परिणामी पन्नास प्रवाशांची बस आणि एकेकटे चालक असलेल्या तीन मोटारी सिग्नलच्या लेखी सारख्याच ठरतात.

बसला सिग्नलवर प्राधान्य देण्याची कल्पना ही चूक दुरुस्त करते. बस चौकाजवळ आली की तिची चाहूल सिग्नलच्या नियंत्रकाला लागते. त्यासाठी रस्त्याखाली तारेचे वेटोळे असते, बसमध्ये छोटा प्रक्षेपक असतो किंवा उपग्रहावरून तिचे स्थान कळते. मग नियंत्रक दोनपैकी एक गोष्ट करतो. हिरवा दिवा संपत आला असेल, तर बस निघून जाईपर्यंत तो काही सेकंद लांबवतो. लाल दिवा चालू असेल, तर तो काही सेकंद आधी संपवतो. घेतलेले सेकंद पुढच्या फेरीत आडव्या रस्त्याला परत देता येतात. चौकातले चक्र मोडत नाही, फक्त थोडे पुढे-मागे सरकते.

रुग्णवाहिकेसाठी किंवा प्रत्यारोपणाचा अवयव नेताना जो 'ग्रीन कॉरिडॉर' केला जातो, त्याहून ही गोष्ट वेगळी आहे. तिथे बाकी सगळे थांबवून एकाच वाहनाला वाट करून दिली जाते. ते क्वचितच करता येते आणि क्वचितच करावे. बसचे प्राधान्य रोजचे, माफक आणि अटींसह असते. बस दिसली की दिवा हिरवा, असा त्याचा अर्थ नाही.

याचा उपयोग किती, हे साध्या आकडेमोडीने पाहता येते. समजा, एका चौकातले चक्र १२० सेकंदांचे आहे. बसच्या दिशेला ४० सेकंद हिरवा आणि ८० सेकंद लाल दिवा मिळतो. पुढे वाहनांची रांग नाही असे धरले, तर केव्हाही येणाऱ्या बसला तिथे सरासरी २७ सेकंद थांबावे लागते. आता हिरवा गरजेप्रमाणे १० सेकंद लांबवता आला, तर बारापैकी एक बस, जी एरवी लाल दिवा नुकताच लागल्यावर पोहोचून सव्वा मिनिट अडकली असती, ती सरळ निघून जाते. शिवाय लाल दिवा १० सेकंद आधी संपवता आला, तर उरलेल्यांपैकी बहुतेक थांबलेल्या बसगाड्या तेवढ्या लवकर सुटतात. दोन्ही मिळून सरासरी सुमारे १२ सेकंद वाचतात. खोळंब्याचा जवळपास ४० टक्क्यांहून अधिक भाग गेला, आणि तोही डांबराचा एक थर न टाकता.

बारा सेकंद हसण्यावारी नेण्यासारखे वाटतात. पण जाताना दहा आणि येताना दहा असे वीस चौक धरले, तर एका फेरीत चार मिनिटे होतात. १०० मिनिटांच्या फेरीवर दर चार मिनिटांनी बस सोडायची असेल, तर २५ बस लागतात. फेरी ९६ मिनिटांत झाली, तर तेच काम २४ बस करतात. पंचविसावी बस चालक-वाहकासह दुसऱ्या मार्गावर देता येते. नेहमी बसटंचाई असलेल्या शहरात सेकंदांतून अशी बस मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

आडव्या रस्त्याचे काय, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचेही उत्तर माणसे मोजूनच द्यायला हवे. हिरवा १० सेकंद लांबवला, तेव्हा आडव्या रस्त्यावर दुचाकी-मोटारींवर मिळून ४५ माणसे थांबली आहेत असे समजू. त्यांचे एकत्रित ४५० सेकंद गेले. बसमधल्या ५० जणांचे प्रत्येकी सव्वा मिनिट, म्हणजे ३,७५० सेकंद वाचले. सौदा उघड फायद्याचा आहे. लाल दिवा आधी संपवण्याचा हिशेब मात्र इतका एकतर्फी नाही. तिथे बसमधल्यांचे ५०० सेकंद वाचतात आणि बाहेरच्यांचे ४५० जातात. बस निम्मी रिकामी असेल, तर तोटाच होतो. म्हणून शहाणी व्यवस्था प्रत्येक बसला सरसकट प्राधान्य देत नाही. भरलेल्या आणि उशीर झालेल्या बसला ती देते. वेळेवर किंवा वेळेआधी धावणाऱ्या बसला इतरांप्रमाणे थांबवते.

उशीर झालेल्या बसलाच प्राधान्य देण्यामागे आणखी एक कारण आहे. तासभर बस नाही आणि मग एकामागोमाग तीन येतात, हा अनुभव प्रत्येक थांब्यावरच्या माणसाला आहे. त्याचा दोष बहुधा चालकाला दिला जातो. खरे कारण गणिताचे आहे. एखादी बस सिग्नलवर दोन मिनिटे मागे पडली, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, म्हणून त्यापुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढचीला येऊन चिकटते. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरीत बाके मोकळी. मागे पडलेल्या बसला चौकात दहा सेकंद दिले, तर ही साखळी सुरुवातीलाच तुटते. प्रवाशाला सरासरी वेग वाढल्यापेक्षा बस भरवशाची झाल्याचा उपयोग अधिक असतो. थांब्यावर ताटकळण्याचे एक मिनिट माणसाला बसमधल्या साधारण दोन मिनिटांइतके जड जाते, असे वाहतूक अभ्यासकांचे अनेक ठिकाणचे निष्कर्ष आहेत.

ताटकळणे जड जाते ते केवळ मनाला नाही. चौकाजवळचा थांबा ही रस्त्यावरची सर्वांत वाईट हवेची जागा असते. वाहन उभे राहून धूर सोडते आणि सुटताना एकदम जोर लावून आणखी सोडते. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले. हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असे या संघटनेचे २०२१ पासूनचे मार्गदर्शन आहे. भारताचे स्वतःचे मानक ४० आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानक न पाळणाऱ्या शहरांची जी यादी झाली, तीत पुणे आहे. विजेवरची बस आली म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. तिच्या नळीतून धूर येत नाही, पण दर चौकात थांबण्या-निघण्यात ब्रेक आणि टायर झिजून कण उडतातच, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्या धूर सोडतच असतात.

चालकाच्या प्रकृतीचाही यात वाटा आहे. लंडनमधील बसचालक आणि वाहक यांची तुलना करणारा जेरी मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक, तर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांत कमी, असे त्यात दिसले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतील बसचालकांच्या अभ्यासांत उच्च रक्तदाबाचे मोठे प्रमाण आढळले आणि वेळापत्रकाच्या दबावाकडे संशोधकांचे लक्ष गेले. न गाठता येणारे वेळापत्रक आणि चौकाचौकात अडणारी गाडी यांच्यामध्ये रोज आठ तास बसणारा माणूस शांत राहील, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. त्याच्या मागे पन्नास जीव बसलेले असतात.

याउलट बस भरवशाची झाली, तर माणसे दुचाकी घरी ठेवतात आणि न ठरवता थोडी चालू लागतात. अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वापरणारे लोक थांब्यापर्यंत जाण्या-येण्यातच दिवसाला साधारण १९ मिनिटे चालतात, असे दिसले. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, ही प्रौढांसाठीची जागतिक शिफारस त्यातूनच बरीचशी पूर्ण होते. व्यायामशाळेचे शुल्क परवडत नाही त्याच्यासाठी चांगली बस हीच व्यायामशाळा आहे.

पुण्याने बसला वाट करून देण्याचा विचार देशात सर्वांत आधी केला, हे विसरता कामा नये. 'वाहने नव्हे, माणसे पुढे गेली पाहिजेत' हे सूत्र केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्ये मांडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग सुरू झाला. पुढच्या वर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र होऊन पीएमपी जन्मली. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे हे अधिक नीटनेटके मार्ग आले, त्यानंतर नगर रस्त्याचा. आज चित्र काय? हडपसरची मूळ मार्गिका नावापुरती उरली, नगर रस्त्यावरची अलीकडे उखडण्यात आली. दिल्लीत ऑक्टोबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बसमार्गिका रद्द करण्याची मागणी फेटाळली होती. तरीही २०१६ मध्ये ती काढण्यात आलीच. लोकमताचा रेटा मोटारींच्या बाजूने होता.

या अपयशाची कारणे अनेक आहेत. अपुऱ्या बस, तुटक मार्ग, घुसखोरी, थांब्यापर्यंत रस्ता ओलांडण्याचा धोका ही त्यातली काही. पण एक कारण चौकात दडलेले आहे. दोन चौकांमध्ये बसला स्वतंत्र पट्टा दिला आणि चौकात तिला इतरांसारखेच, कधी जास्तच, थांबवले, तर पट्ट्यात कमावलेली मिनिटे चौकात गमावली जातात. शेजारच्या मोटारचालकाला मात्र रिकामा पट्टा दिसत राहतो, आणि त्याचा राग वाढतो. पट्टा आणि सिग्नल ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत. एक चाक बसवून गाडा चालत नाही म्हणून तो मोडीत काढायचा, असे आपल्या शहरांनी केले.

दुसरीकडे झुरिकचे उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधील या शहराच्या मतदारांनी भुयारी रेल्वेचे प्रस्ताव १९६२ आणि १९७३ असे दोनदा फेटाळले. पण १९७७ मध्ये ट्राम आणि बस यांची रस्त्यावरची अडवणूक दूर करण्यासाठी २० कोटी फ्रँक मंजूर केले. त्या पैशातला महत्त्वाचा भाग सिग्नलवर गेला. आज तिथे जवळजवळ प्रत्येक चौकात ट्राम-बसला प्राधान्य आहे आणि श्रीमंत माणसेही ट्रामने फिरतात. लॉस एंजेलिस हे तर मोटारवेड्यांचे शहर. तिथे जून २००० मध्ये दोन मार्गांवर जलद बस सुरू झाली आणि प्रवासाचा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटला. त्यातला साधारण तिसरा हिस्सा सिग्नलच्या प्राधान्याचा, बाकीचा मुख्यतः कमी थांब्यांचा. म्हणजे सिग्नल हा रामबाण उपाय नाही. पण जोडीला असला तर त्याचे काम ठळकपणे दिसते.

झुरिकचे जसेच्या तसे हडपसरला चालणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. वरच्या आकडेमोडीत 'पुढे रांग नाही' असे एक गृहीतक होते. सोलापूर रस्त्यावर सकाळी रांगच रांग असते. बस चौकापासून तीनशे मीटर मागे अडकलेली असेल, तर दहा सेकंदांचा हिरवा दिवा तिच्या कामाचा नाही. तो पुढच्या दुचाकींना मिळेल. त्यासाठी चौकाआधीचे शंभर-दोनशे मीटर तरी बससाठी मोकळे ठेवावे लागतील. संपूर्ण रस्ताभर मार्गिका करण्यापेक्षा हे सोपे आहे. थांब्याची जागाही महत्त्वाची आहे. थांबा चौकाच्या अलीकडे असेल, तर सिग्नलने हिरवा लांबवूनही बस प्रवासी घेत उभी राहते आणि ते सेकंद वाया जातात. थांबा चौक ओलांडल्यावर असेल, तर बस आधी सुटते आणि मग थांबते. आपल्याकडील शहरांत गर्दीच्या वेळी पोलीस अनेकदा सिग्नल हाताने चालवतात. तसे झाले की कोणतीही संगणकीय व्यवस्था निरर्थक ठरते. आणि आडव्या रस्त्यावरही बस धावतात, त्यांचाही हिशेब नियंत्रकात हवा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. बसला द्यायचे सेकंद पादचाऱ्याच्या वेळेतून काढता कामा नयेत. बसचा प्रत्येक प्रवासी उतरल्यावर पादचारीच असतो. काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजींसाठी ठेवलेला वेळ कापून त्याच आजींची बस दहा सेकंद आधी आणणे, यात शहाणपण नाही.

हे करण्यासाठी लागणारी साधने बऱ्याच अंशी हाताशी आहेत. पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून शंभराहून अधिक चौकांत वाहनांची संख्या ओळखून वेळ बदलणारे सिग्नल बसले आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान सांगणारे यंत्र केंद्राच्या नियमाने बंधनकारक आहे. कॅमेरा वाहने मोजतो आणि बस आपली जागा सांगते. या दोघांमध्ये संवाद घडवणे आणि 'या वाहनात माणसे जास्त आहेत' हे सिग्नलला शिकवणे, एवढे तांत्रिक काम आहे. अवघड आहे ती खात्यांची घडी. रस्ता महापालिकेचा, सिग्नलची अंमलबजावणी वाहतूक पोलिसांची, शहर बस पीएमपीची आणि एसटी राज्य महामंडळाची. शहर बसला प्राधान्य द्यायचा विचार होतो तेव्हा एसटी बहुधा पाहुणी म्हणून बाहेरच राहते. वास्तविक हडपसर–स्वारगेट पट्ट्यात ग्रामीण पुणे जिल्हा, सोलापूर आणि मराठवाडा यांतून येणाऱ्या एसटी गाड्यांची रीघ असते. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला भुयारी मेट्रो आली आहे. तिला सिग्नल नाहीत. पण बारामती-इंदापूरच्या प्रवाशाला ती गाठण्यासाठी हे सगळे चौक ओलांडूनच यावे लागते.

म्हणून सुरुवात याच पट्ट्यापासून व्हावी. गाडीतळ ते स्वारगेट या अंतरातील सिग्नलवर, पीएमपी आणि एसटी दोघींसाठी, भरलेल्या आणि उशिराच्या बसला हिरवा दिवा जास्तीत जास्त १० सेकंद लांबवण्याची परवानगी द्यावी. सहा महिने तो प्रयोग चालवावा. सुरू करण्याआधी आणि नंतर बसला लागलेला वेळ, वेळापत्रकातील चूक, आडव्या रस्त्यावरचा खोळंबा आणि पादचाऱ्यांना मिळालेला वेळ हे चारही मोजून लोकांपुढे ठेवावेत. पूर्वीच्या बीआरटीवरचे वाद मतांचे आणि रागाचे होते, कारण दोन्ही बाजूंच्या हातात सर्वांना मान्य असे मोजमाप नव्हते. या वेळी आकडे बोलू द्यावेत. प्रयोग फसला, तर नियंत्रकातील एक सूचना बदलून जुनी वेळ परत आणता येते. काहीच उखडावे लागत नाही. प्रयोग यशस्वी झाला, तर स्वारगेटपुढच्या चौकांनाही तोच नियम लावता येईल.

एक धोका राजकीय आहे. उड्डाणपुलाचे भूमिपूजन होते, कोनशिला बसते, फीत कापली जाते. सिग्नलच्या संगणकात बदललेल्या दहा सेकंदांचे उद्घाटन करता येत नाही. त्यामुळे शेकडो कोटींचा पूल लवकर मंजूर होतो आणि तुलनेने नगण्य खर्चाचा हा उपाय फायलीत राहतो. पूल झाल्यावर पुढच्या चौकात तीच रांग पुन्हा लागते, हे पुणेकरांनी अनेक ठिकाणी पाहिले आहे. पुण्याच्या चौकातील सेकंदांवर ग्रामीण भागाचाही हक्क आहे, हे बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरच्या लोकप्रतिनिधींनी ठामपणे मांडायला हवे. तालुक्यातले रस्ते रुंद झाले, एसटीची सवलत मिळाली, तरी तपासणीला निघालेला माणूस वेळेवर पोहोचतो की नाही, हे अजून रामटेकडी आणि फातिमानगरचे दिवे ठरवत आहेत.